सी आणि सी प्लस प्लसचा सर्व्हर हार्डन करताना आधी काय, नंतर काय

बिल्ड फाइलमध्ये हार्डनिंगचे (प्रोग्राम फोडायला अवघड करणारे) दहा फ्लॅग, म्हणजे कंपायलरला द्यायच्या सूचना, चिकटवले, बिल्ड हिरवं झालं, म्हणजे झालं काम असं धरून चालणारे खूप जण भेटतात, आणि त्यांचे फ्लॅग बहुतेक वेळा बरोबरच असतात, घोळ असतो तो क्रमात. सँडबॉक्स (प्रोग्रामला ठरलेल्या कुंपणात कोंडणं) आधी बसवलेला असतो, बग शोधायचं काम नंतर आठवतं, आणि सर्व्हरवर शेवटी जी फाइल गेली ती उघडून कोणी बघितलेलीच नसते.

समोर धरलंय ते असं: लिनक्सवर चालणारा, नेटवर्कवरून डेटा घेणारा सर्व्हर प्रोग्राम, सी किंवा सी प्लस प्लस मधला. फ्लॅगची नावं आपण तोंडाने बोलतो तशीच लिहिलीयेत. टाइप करताना तुमच्याकडच्या कंपायलरच्या व्हर्जनचं मॅन्युअल उघडा आणि तिथून घ्या, कारण व्हर्जन बदललं की बारीकसारीक गोष्टी बदलतात.

एवढं आधी पक्कं करून घ्या की हार्डनिंग म्हणजे तीन वेगळी कामं आहेत. पहिलं, बग शोधून काढणं. दुसरं, जो बग हाताला लागला नाही त्याचा हल्लेखोराला उपयोग होऊ न देणं. तिसरं, तरीही कोणी आत घुसलाच तर त्याला एका खोलीत कोंडून ठेवणं. याच क्रमाने जायचं. उलटं गेलात तर नंतरचं काम आधीच्या कामाच्या आड येतं, कसं ते खाली येईलच.

## १. तयारी: दोन याद्या, कोडला हात लावायच्या आधी

पहिली यादी, बाहेरून आत काय काय येतं. सॉकेटवरचा डेटा सगळ्यांना आठवतो, पण एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, कॉन्फिग फाइल, अपलोड झालेल्या फाइलचं नाव (आतला मजकूर नाही, नुसतं नाव), डीएनएसचं उत्तर, डेटाबेसमधून परत आलेली स्ट्रिंग, दुसऱ्या प्रोसेसकडून पाइपवर आलेला मेसेज, हे सगळं पण बाहेरचंच आहे. प्रत्येकापुढे लिहा की ते पहिल्यांदा कुठल्या फंक्शनमध्ये वाचलं जातं. पुढे फझिंग (मुद्दाम वेडंवाकडं इनपुट सतत देऊन प्रोग्राम पडतो का बघणं) करायचं ते याच फंक्शनांवर.

याच यादीत लायब्ररी पण घ्या, आणि फक्त तुम्ही थेट घेतलेल्या नाही तर त्या लायब्रऱ्यांनी आणखी ज्या ओढून आणल्यात त्या पण. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरशेल, म्हणजे जावाच्या लॉगफोरजे लायब्ररीतली मोठी भेग, बाहेर आली तेव्हा जगभरातल्या टीम दिवसेंदिवस फक्त एकच गोष्ट शोधत होत्या, ही लायब्ररी आपल्याकडे नक्की कुठे कुठे आहे. सायक्लोनडीएक्स किंवा एसपीडीएक्स फॉरमॅटमधला एसबॉम (प्रोग्राममध्ये कुठल्या लायब्रऱ्या आहेत त्याची यादी) बिल्डसोबतच तयार होऊ द्या, आणि कोणीतरी कधीतरी सोर्स फोल्डरमध्ये कॉपी करून टाकलेल्या जुन्या लायब्रऱ्या मात्र हाताने शोधा, त्या टूलला बऱ्याचदा दिसत नाहीत.

दुसरी यादी, प्रोग्रामला खरोखर काय काय लागतं. कुठल्या फाइल वाचतो, कुठे लिहितो, कुठला पोर्ट, रूट (सगळे अधिकार असलेला युजर) लागतं का, लागत असेल तर नेमकं कुठल्या एका ओळीसाठी. बहुतेक वेळा उत्तर निघतं की फक्त १०२४ च्या खालचा पोर्ट घ्यायला लागतं आणि बाकी आयुष्यभर लागतच नाही.

तपासा: दोन्ही याद्या टीममधल्या दुसऱ्या माणसाला दाखवा. त्याला एकही नवीन गोष्ट सुचली नाही तर पुढे जा, सुचली तर अजून एकाला दाखवा.

## २. दोन वेगळी बिल्डं

एक शोधायचं बिल्ड आणि एक पाठवायचं बिल्ड. शोधायच्या बिल्डमध्ये सॅनिटायझर (प्रोग्राम चालताना चुका पकडणारी कंपायलरची अवजारं) असतात, ते हळू चालतं, खूप मेमरी खातं, आणि ते तुमच्या मशीनबाहेर जात नाही. पाठवायच्या बिल्डमध्ये हार्डनिंगचे फ्लॅग असतात. दोन्ही एकत्र केलं की दोन्हीचं नुकसान होतं. उदाहरण घ्या, फॉर्टिफाय सोर्स (बफरची साइज तपासायला लावणारा फ्लॅग) चालू ठेवून ॲड्रेस सॅनिटायझर लावला तर मेमकॉपीसारखी कॉल फॉर्टिफायच्या चेकवाल्या रूपात बदलली जातात, सॅनिटायझर ज्या मूळ कॉलवर टपून बसलेला असतो ते कॉल येतच नाहीत, आणि बग निसटतो. म्हणून शोधायच्या बिल्डमध्ये फॉर्टिफाय बंद.

आत्ता, काहीही बदलायच्या आधी, टेस्ट चालवून वेळ आणि मेमरी किती लागते ते लिहून ठेवा. नंतर कोणीतरी म्हणणारच की हार्डनिंगमुळे स्लो झालं, तेव्हा दाखवायला आकडा पाहिजे.

आणि वॉर्निंग. निदान फॉरमॅट सिक्युरिटीची वॉर्निंग एरर करून टाका. प्रिंटएफला युजरची स्ट्रिंग थेट फॉरमॅट म्हणून देणं ही चूक कंपायलर फुकटात पकडून देतो, मग ती सोडायची कशाला.

## ३. आधी बग शोधा

ही पायरी सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते आणि फायदा सगळ्यात जास्त हीच देते. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं की त्यांच्या दरवर्षीच्या सीव्हीईंपैकी (जाहीर नोंद झालेल्या सुरक्षेच्या चुकांपैकी) साधारण ७० टक्के मेमरी सेफ्टीच्या चुकांतून येतात, पुढच्या वर्षी क्रोमियमच्या (क्रोम ब्राउझरचा मूळ प्रकल्प) टीमने आपल्या गंभीर बगांबद्दल जवळपास हाच आकडा दिला. म्हणजे बफरच्या बाहेर वाचणं लिहिणं, आणि फ्री केलेली मेमरी परत वापरणं. हे पकडण्यात ॲड्रेस सॅनिटायझर पटाईत आहे.

३.१ सॅनिटायझर लावून आहेत त्या टेस्ट चालवा. ॲड्रेस आणि अनडिफाइन्ड बिहेवियर हे दोन एकत्र चालतात. थ्रेड सॅनिटायझर आणि मेमरी सॅनिटायझर मात्र ॲड्रेससोबत चालत नाहीत, त्यांची वेगळी बिल्डं करावी लागतात. ॲड्रेस सॅनिटायझरने साधारण दुप्पट वेळ लागेल, घाबरू नका.

इशारा: अनडिफाइन्ड बिहेवियर सॅनिटायझर डिफॉल्टमध्ये फक्त मेसेज छापतो आणि प्रोग्राम पुढे चालू ठेवतो! टेस्ट पास होते, सीआय (आपोआप बिल्ड आणि टेस्ट करणारी यंत्रणा) हिरवा राहतो आणि लॉगमध्ये शंभर एरर पडून असतात जे कोणी वाचत नाही. रिकव्हर बंद करणारा फ्लॅग टाका, म्हणजे पहिल्याच चुकीला प्रोग्राम पडेल.

३.२ फझिंग. इथे नवखे लोक अख्खा सर्व्हर उचलून फझरला देतात आणि मग एका सेकंदात पन्नास इनपुट पण जात नाहीत म्हणून कंटाळून सोडून देतात. तसं नाही करायचं. पहिल्या यादीतलं एक पार्सिंगचं फंक्शन घ्या, त्याला फक्त बाइट आणि लांबी देणारं छोटं हार्नेस लिहा, लिबफझर किंवा एएफएल प्लस प्लसला जोडा, आणि ते नेहमी ॲड्रेस सॅनिटायझरसोबतच चालवा. सॅनिटायझर का, तर बफरच्या पलीकडे नुसतं वाचलं तर प्रोग्राम बहुतेक वेळा क्रॅश होत नाही, तो गुपचूप शेजारची मेमरी बाहेर देऊन मोकळा होतो. २०१४ चा हार्टब्लीड, ओपनएसएसएल लायब्ररीतला बग, असाच होता. हार्टबीट मेसेजमध्ये जी लांबी लिहिलेली यायची ती खऱ्या लांबीशी न जुळवता वापरली जायची, आणि एका मेसेजमागे ६४ किलोबाइटपर्यंत मेमरी बाहेर जायची, ना क्रॅश, ना लॉगमध्ये ओळ.

फझिंग कोरडं जातं त्याची नेहमीची कारणं ही:

- चेकसम, म्हणजे डेटा बदलला नाही ना हे तपासायचा आकडा. फझरने एक बाइट बदलला की चेकसम चुकतो आणि इनपुट दारातच परत जातं. फझिंगच्या बिल्डमध्ये तेवढा चेक काढा, आणि तो काढायला तुमचा स्वतःचा मॅक्रो नको, फझिंग बिल्ड मोड अनसेफ फॉर प्रॉडक्शन हा ठरलेला मॅक्रो वापरा, नावातच सगळं लिहिलेलं असल्यामुळे पुढच्या माणसाला समजतं.
- तुमचा स्वतःचा मेमरी पूल. एकदाच मोठा तुकडा घेऊन त्यातून वाटायचं असं कोड असेल तर सॅनिटायझरला अख्खा पूल एकच तुकडा वाटतो आणि आतल्या आत एका भागाची हद्द ओलांडून दुसऱ्यात गेलेलं दिसत नाही. शोधायच्या बिल्डमध्ये पूल बाजूला ठेवून सरळ मॅलोक वापरा.
- सुरुवातीला चांगले नमुने न देणं. खऱ्या, छोट्या, वेगवेगळ्या प्रकारच्या पाचपन्नास फाइल द्या, फझरचं निम्मं काम तिथेच होतं.
- रँडम आणि घड्याळ. तेच इनपुट परत दिलं तर तोच रस्ता पकडला गेला पाहिजे, नाहीतर फझरला काहीच शिकता येत नाही.

सापडलेला प्रत्येक क्रॅश दुरुस्त करून ते इनपुट कायमचं टेस्टमध्ये टाका. कव्हरेज वाढायचं थांबलं की हार्नेस सुधारा, मग पुढच्या फंक्शनकडे वळा, आणि जुनं फझिंग रात्री चालू राहू द्या.

इशारा: "सॅनिटायझरवालंच बिल्ड सर्व्हरवर टाकू, जास्त सुरक्षित" असं कोणी म्हणालं तर तिथल्या तिथे थांबवा. सॅनिटायझरचा रनटाइम एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून सेटिंग घेतो, लॉग कुठल्या फाइलमध्ये लिहायचा हे पण त्यातूनच ठरतं, आणि सेटयूआयडी प्रोग्रामच्या (कोणीही चालवला तरी मालकाच्या, बऱ्याचदा रूटच्या, अधिकाराने चालणारा) बाबतीत हेच हल्लेखोराच्या हातातलं हत्यार होतं. ते बग शोधायचं अवजार आहे, चिलखत नाही.

## ४. पाठवायच्या बिल्डचे फ्लॅग, गटागटाने

सगळे एकदम टाकू नका. एक गट टाका, टेस्ट चालवा, वेळ बघा, कमिट करा, मग पुढचा. एकदम टाकले आणि काही मोडलं तर कशामुळे मोडलं ते शोधण्यात दोन दिवस जातात आणि शेवटी वैतागून सगळेच काढले जातात, हे मी स्वतःच्या कामात होताना बघितलंय.

पहिला गट: फॉर्टिफाय. लेव्हल २ सगळीकडे आहे, जीसीसी १२ पासून लेव्हल ३ मिळते आणि ती रनटाइमला ठरणाऱ्या साइजचे बफर पण तपासते. पण ऑप्टिमायझेशन बंद असेल तर फॉर्टिफाय काहीच करत नाही, ओ वन किंवा त्याच्या वरची लेव्हल लागतेच. शिवाय काही डिस्ट्रिब्युशनांचा कंपायलर आपणहून लेव्हल २ किंवा ३ लावूनच येतो, मग तुमची व्याख्या त्याच्याशी भांडते, म्हणून आधी अनडिफाइन करा आणि मग हवी ती लेव्हल द्या.

दुसरा गट: स्टॅक. स्टॅक प्रोटेक्टर स्ट्राँग घ्या, साधा नको. साधा वाला मुख्यतः आठ किंवा त्याहून जास्त बाइटचे कॅरेक्टर ॲरे असलेल्या फंक्शनांना कॅनरी (बफरच्या पलीकडे ठेवलेला गुप्त आकडा, तो बदलला की कोणीतरी हद्द ओलांडली हे कळतं) लावतो, स्ट्राँगवाला कुठलाही लोकल ॲरे किंवा ज्याचा पत्ता बाहेर दिलाय असा व्हेरिएबल असला तरी लावतो. सोबत स्टॅक क्लॅश प्रोटेक्शन, म्हणजे स्टॅक वाढत जाऊन शेजारच्या मेमरीत घुसू नये म्हणून.

तिसरा गट: पत्ते. पाय, म्हणजे पोझिशन इंडिपेंडंट एक्झिक्युटेबल. लोकांना वाटतं कर्नलमध्ये एएसएलआर (दर वेळी मेमरीतले पत्ते बदलणं) चालू आहे म्हणजे झालं. पण पाय नसेल तर लायब्रऱ्या, स्टॅक हलतात आणि तुमचा मुख्य प्रोग्राम दर वेळी त्याच पत्त्यावर बसतो, हल्लेखोराला तेवढं पुरतं. हा फ्लॅग कंपाइलला वेगळा आणि लिंकला वेगळा असतो, दोन्हीकडे पाहिजे. लिंकलाच रेलरो आणि नाऊ पण द्या. फक्त रेलरो दिलं तर अर्धवट मिळतं, फंक्शनांच्या पत्त्यांचं टेबल लिहिता येण्यासारखंच राहतं. नाऊ दिल्यावर सगळे पत्ते सुरुवातीलाच ठरतात आणि टेबल रीड ओन्ली होतं, प्रोग्राम सुरू व्हायला किंचित जास्त वेळ लागतो, सर्व्हरला त्याने काही फरक पडत नाही.

चौथा गट: स्टॅकवर कोड चालू न देणं. हे आजकाल आपोआपच असतं, मग सांगतो कशाला? कारण हाताने लिहिलेली एक असेंब्ली फाइल जरी असली आणि तिच्यात "मला एक्झिक्युटेबल स्टॅक नको" असं सांगणारा सेक्शन नसला, तर लिंकर समजतो की हिला लागतोय आणि अख्ख्या प्रोग्रामचा स्टॅक एक्झिक्युटेबल होऊ शकतो. नवे लिंकर वॉर्निंग देतात, जुने तेवढंही करत नाहीत. क्रिप्टोच्या आणि व्हिडिओच्या लायब्रऱ्यांत अशा फाइल हमखास असतात.

पाचवा गट: कंपायलरच्या हुशारीला लगाम. लोकल व्हेरिएबल शून्याने भरणारा फ्लॅग टाका, न भरलेल्या मेमरीतून जुना डेटा गळणं त्याने थांबतं. आणि नल पॉइंटरचे चेक काढू नकोस असं सांगणारा फ्लॅग. २००९ मध्ये लिनक्स कर्नलच्या टन (टीयूएन, व्हर्च्युअल नेटवर्कच्या) ड्रायव्हरमध्ये पॉइंटर आधी वापरला होता आणि नल आहे का ते पुढच्या ओळीत तपासलं होतं, कंपायलरने विचार केला की वापरलाय म्हणजे नल नसणारच आणि तो चेकच उडवला, आणि त्यातून रूट मिळवता येत होतं. सोर्स वाचताना चेक डोळ्यांना दिसतोय, बायनरीत नाहीये.

सी प्लस प्लस असेल तर स्टँडर्ड लायब्ररीचे असर्शन पण चालू करा, व्हेक्टरच्या बाहेरचा इंडेक्स वापरला की प्रोग्राम तिथेच थांबतो. जीसीसीच्या लायब्ररीत आणि क्लँगच्या लायब्ररीत याचे मॅक्रो वेगळे आहेत.

सहावा गट: उड्यांवर पहारा, म्हणजे प्रोग्राम भलत्याच पत्त्यावर जाऊ न देणं. इंटेलच्या सीईटीसाठी एक फ्लॅग, आर्मवर ब्रँच प्रोटेक्शनसाठी दुसरा. इथला कच्चा दुवा असा की लिंक होणाऱ्या प्रत्येक ऑब्जेक्ट फाइलवर शिक्का, म्हणजे हे संरक्षण चालेल अशी खूण, पाहिजे. पन्नासपैकी एका फाइलवर नसला की लिंकर अख्ख्या प्रोग्रामवरून शिक्का काढून टाकतो आणि सांगत पण नाही, रिपोर्ट देण्याचा वेगळा लिंकर ऑप्शन द्यावा लागतो. क्लँगचं सीएफआय (कंट्रोल फ्लो इंटिग्रिटी, हाच पहारा कंपायलरकडून) याहून कडक आहे, पण त्याला लिंक टाइम ऑप्टिमायझेशन लागतं आणि फंक्शन पॉइंटरचे चुकीचे कास्ट असलेलं कोड त्यात धडाधड पडतं. आधी कास्ट दुरुस्त करा, हे शेवटी घ्या.

जीसीसी १४ पासून हार्डन्ड नावाचा एकच फ्लॅग यातले बरेचसे एकदम लावतो. चांगला आहे, पण तुम्ही त्यातला एखादा फ्लॅग आधीच वेगळा दिला असेल तर तुमचाच धरला जातो, म्हणून जुने अर्धवट फ्लॅग साफ करूनच तो वापरा.

नेहमीच्या चुका: फ्लॅग सीच्या व्हेरिएबलमध्ये टाकले आणि सी प्लस प्लसच्या विसरले. लिंकरचे फ्लॅग कंपायलरच्या व्हेरिएबलमध्ये टाकले. आतला सबप्रोजेक्ट स्वतःचेच फ्लॅग वापरतो आणि तुमच्याकडे बघत पण नाही. नेमका तो सबप्रोजेक्ट म्हणजे इमेज डीकोड करणारी लायब्ररी असते.

## ५. जी फाइल जाणार आहे तीच उघडून बघा

बिल्डचा लॉग बघणं म्हणजे तपासणं नाही. पॅकेज झाल्यावर, स्ट्रिप (जादाची नावं काढून टाकणं) झाल्यावर, जी फाइल सर्व्हरवर उतरेल ती घ्या आणि रीडएल्फ (बायनरीच्या आत काय आहे ते दाखवणारं टूल) चालवा:

१. फाइलचा टाइप डायनॅमिक किंवा पाय असं दिसतंय का. एक्झेक दिसलं तर पाय लागलेलं नाही.
२. रेलरोचा सेगमेंट आहे का आणि डायनॅमिक सेक्शनमध्ये नाऊ आहे का. दोन्ही.
३. स्टॅकच्या ओळीत फक्त रीड आणि राइट, एक्झिक्युट नको.
४. स्टॅक चेक फेलचं सिम्बॉल आणि चेकवाल्या फंक्शनांची नावं दिसतात का.

चेकसेक हे टूल हेच एका टेबलात दाखवतं, वापरा, पण त्याचं "कॅनरी सापडली" हे वाक्य जपून घ्या. त्याचा अर्थ फाइलमध्ये कुठेतरी एका फंक्शनला कॅनरी आहे एवढाच, तुमच्या पार्सरला आहे असं नाही.

म्हणून खरी तपासणी म्हणजे मुद्दाम मारून बघणं. त्याच फ्लॅगांनी एक छोटा प्रोग्राम बिल्ड करा ज्यात एक फंक्शन आपल्याच बफरच्या पलीकडे लिहितं. तो स्टॅक स्मॅशिंग डिटेक्टेड म्हणत ॲबॉर्ट झाला पाहिजे. नुसता सेगफॉल्ट झाला किंवा काहीच झालं नाही तर फ्लॅग लागलेले नाहीत, मागे जा. दुसरा प्रोग्राम मेनचा पत्ता छापणारा, तो चारदा चालवा, चारही वेळा पत्ता वेगळा पाहिजे. सर्व्हरवर रँडमाइझ व्हीए स्पेसची व्हॅल्यू २ आहे का तेही बघा. हे सगळं सीआयमध्ये टाका आणि एक जरी चुकलं तर रिलीज अडू द्या.

### इथेच फोर्कचा विचार करा

ज्या सर्व्हरची मुख्य प्रोसेस प्रत्येक कनेक्शनला फोर्क करते, म्हणजे स्वतःची एक प्रत काढते, त्यांच्यासाठी हे फार महत्त्वाचं आहे. फोर्क झालेल्या पोराला आईचीच कॅनरी मिळते आणि तेच पत्ते मिळतात. पोर क्रॅश झालं तर आई नवीन पोर काढते, परत तीच कॅनरी. मग हल्लेखोर कॅनरीचा एकच बाइट पुसून बघतो, क्रॅश झालं तर अंदाज चुकला, नाही झालं तर बरोबर, आणि पुढच्या बाइटकडे वळतो. ६४ बिट लिनक्सवर कॅनरीच्या आठ बाइटपैकी एक शून्य असतो, उरले सात, म्हणजे जास्तीत जास्त ७ गुणिले २५६, १७९२ प्रयत्न. ज्या गोष्टीचा अंदाज लावायला अख्खं आयुष्य पुरलं नसतं ती काही मिनिटांत हातात येते. २०१४ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ब्लाइंड रॉप नावाने हीच युक्ती वापरून, बायनरी हातात नसताना सर्व्हर फोडून दाखवले होते.

उपाय: फोर्कनंतर पोराने स्वतःलाच परत एक्झेक करायचं (तोच प्रोग्राम नव्याने लोड करायचा), म्हणजे कॅनरी नवी, पत्ते नवे. ओपनएसएसएच असंच करतं. आणि थोड्या वेळात ठराविक संख्येच्या वर क्रॅश झाले तर नवीन पोर काढायचा वेग कमी करून कोणालातरी कळवायचं.

## ६. अधिकार सोडणं

दुसरी यादी आता काढा. रूट फक्त पोर्टसाठी लागत असेल तर रूट घ्यायचंच नाही, सिस्टिमडीकडून उघडलेलं सॉकेट घ्या किंवा फक्त नेट बाइंड सर्व्हिसची केपेबिलिटी (रूटच्या अधिकारांतला एकच तुकडा) द्या. तरीही रूटने सुरू होऊन मग उतरायचं असेल तर क्रम असा, आणि हा क्रम चुकला की नुसतं उतरल्यासारखं दिसतं:

१. क्रूट (प्रोसेसला एका डिरेक्टरीपुरतंच जग दाखवणं) करायचं असेल तर ते करा आणि लगेच आतल्या रूट डिरेक्टरीत चेंज डिरेक्टरी करा. विसरलात तर प्रोसेसची चालू डिरेक्टरी अजून बाहेरच आहे.
२. सेटग्रुप्सने जादाचे ग्रुप काढा.
३. मग ग्रुप आयडी बदला.
४. सगळ्यात शेवटी युजर आयडी, आणि तो सेटरेसयूआयडीने, म्हणजे सेव्ह केलेला आयडी पण बदलतो.
५. नो न्यू प्रिव्हिलेजेस लावा, म्हणजे पुढे कुठलाही प्रोग्राम चालवून जास्त अधिकार मिळत नाहीत.

युजर आयडी आधी बदलला तर ग्रुप बदलायचा अधिकारच उरत नाही, कॉल फेल होतो, आणि रिटर्न व्हॅल्यू तपासली नसेल तर प्रोसेस रूटच्या ग्रुपमध्येच राहते. या प्रत्येक कॉलची रिटर्न व्हॅल्यू तपासा, फेल झालं तर प्रोग्राम तिथेच बंद.

तपासा: उतरल्यावर कोडमधूनच परत रूट व्हायचा प्रयत्न करा. जमलं तर ॲबॉर्ट.

वेळ असेल तर प्रोग्रामचे दोन भाग करा. बाहेरचा डेटा फोडणारी प्रोसेस वेगळी, जिच्याकडे किल्ली किंवा पासवर्ड काहीच नाही, आणि किल्ली सांभाळणारी वेगळी, जी फक्त दोनचार ठरलेले मेसेज समजते. मेहनत आहे, मान्य. पण मेमरी गळालीच तर किल्ली त्या मेमरीत नसतेच, आणि हे काम कुठलाही फ्लॅग करून देत नाही.

## ७. सेकॉम्प, आणि तो सगळ्यात शेवटी का

सेकॉम्पचा फिल्टर म्हणजे प्रोसेसला कर्नलचे कुठले कॉल करता येतील त्याची यादी. ही आधी बसवली तर सॅनिटायझर आणि फझर चालत नाहीत, त्यांना भलतेच कॉल लागतात, आणि कोडमध्ये बदल चालू असेपर्यंत यादी रोज बदलते. म्हणून शेवटी.

१. आधी लॉग मोडमध्ये लावा, कर्नल ४.१४ पासून ही सोय आहे. काहीही अडवू नका, फक्त लिहून घ्या.
२. नेहमीच्या टेस्टसोबत क्वचित चालणारे रस्ते मुद्दाम चालवा: लॉग रोटेट होणं, डीएनएस बंद असणं, डिस्क भरणं, सिग्नल आल्यावर बंद होणं, क्रॅश हँडलर. यादी मोडते ती याच ठिकाणी आणि रात्रीच्या वेळी.
३. फिल्टरची पहिली ओळ आर्किटेक्चर तपासणारी. तोच नंबर ३२ बिटमध्ये वेगळा कॉल असतो, तपासलं नाही तर फिल्टरला वळसा घालता येतो.
४. परवानगीची यादी करा, बंदीची नाही.
५. सगळी सुरुवातीची कामं झाल्यावर पण बाहेरचा पहिला बाइट वाचायच्या आधी लावा. फिल्टर ज्या थ्रेडने लावला त्याला आणि त्याच्या नंतरच्या पोरांना लागतो, आधीच चालू असलेल्या थ्रेडना नाही, त्यासाठी टीसिंकचा फ्लॅग द्यावा लागतो.

इशारा: अनोळखी नवीन कॉलला काय उत्तर द्यायचं ते नीट ठरवा. ग्लिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.३४ ने क्लोन थ्री (थ्रेड सुरू करायचा नवा कॉल) वापरायला सुरुवात केली तेव्हा जे फिल्टर "परवानगी नाही" असा एरर द्यायचे त्यांच्यात थ्रेडच सुरू होईनात, कारण ग्लिबसी जुन्या क्लोनकडे तेव्हाच वळते जेव्हा "असा कॉलच नाही" म्हणजे ईनोसिस मिळतं.

इशारा: आयओ यूरिंगला (कामं रांगेत टाकून कर्नलकडून करून घ्यायची सोय) परवानगी देऊ नका, गरज नसेल तर अजिबातच नाही. त्यातून होणारी फाइल उघडणं, वाचणं ही कामं वेगळे कॉल म्हणून फिल्टरसमोर येतच नाहीत.

फिल्टरला पॉइंटरच्या मागे काय आहे ते बघता येत नाही, म्हणून "हीच फाइल उघड, ती नको" असं सेकॉम्पने होत नाही. त्याला लँडलॉक (प्रोसेसला कुठल्या फाइल मिळतील ते ठरवणारी कर्नलची सोय) वापरा, कर्नल ५.१३ पासून आहे आणि रूट लागत नाही.

कोडमध्ये हात घालणं शक्य नसेल तर सिस्टिमडीच्या सर्व्हिस फाइलमधून बरंच होतं: प्रोटेक्ट सिस्टिम स्ट्रिक्ट, प्रायव्हेट टेम्प, सिस्टिम कॉल फिल्टर, मेमरी डिनाय राइट एक्झिक्युट. शेवटचा मात्र जस्ट इन टाइम कंपायलर (चालता चालता कोड तयार करणारा) वापरणाऱ्या प्रोग्रामला लावला तर तो चालणारच नाही. सिस्टिमडी ॲनालाइझ सिक्युरिटी ० ते १० मध्ये आकडा देतं, कमी तितकं चांगलं, पण आकड्याच्या मागे लागून तुमच्या सर्व्हिसला ज्याचा काही संबंध नाही असे ऑप्शन गोळा करत बसू नका.

## ८. रिलीज

डिपेंडन्सीची व्हर्जनं हॅशसकट लॉक करा. लायब्ररीचा सोर्स घेताना रिलीजची टारबॉल (सोर्सची एकत्र बांधलेली फाइल) आणि गिटचा टॅग जुळवून बघा. मार्च २०२४ मध्ये एक्सझेडच्या (डेटा कॉम्प्रेस करणाऱ्या लायब्ररीच्या) ५.६.० आणि ५.६.१ मध्ये जो बॅकडोअर सापडला त्याला बिल्डमध्ये घुसवणारी स्क्रिप्ट टारबॉलमध्ये होती, गिटमध्ये नव्हती, आणि तो पकडला गेला कारण एका डेव्हलपरला एसएसएच लॉगिन अर्धा सेकंद उशिरा होतंय हे खटकलं. डीबग सिम्बॉल (बायनरीतली फंक्शनं आणि ओळी ओळखायची माहिती) फाइलमधून काढा पण फेकू नका, बिल्ड आयडीप्रमाणे (प्रत्येक बिल्डचा वेगळा नंबर) जपून ठेवा, पुढच्या पायरीला लागणार आहेत.

## ९. बाहेर गेल्यावर प्रोग्राम ॲबॉर्ट झाला तर

होणार, हार्डन केलेला प्रोग्राम जास्त वेळा ॲबॉर्ट होताना दिसतो, कारण जी चूक आधी गुपचूप पोटात जायची ती आता दिसते. आणि इथे सगळ्यात महागडी चूक होते: घाई असते, वरून फोन येत असतात, आणि कोणीतरी तो फ्लॅग काढून बिल्ड करतो, क्रॅश थांबतो, सगळे सुटकेचा श्वास घेतात. क्रॅश थांबला, बग तसाच आहे, फक्त आता त्याच्यासमोर दार उघडं आहे.

त्याऐवजी हे करा. कोअर डंप (क्रॅशच्या वेळची मेमरीची प्रत) फक्त ठरलेल्या लोकांना वाचता येईल अशा ठिकाणी जाऊ द्या, त्यात किल्ल्या आणि लोकांचा डेटा असतो. बिल्ड आयडीवरून सिम्बॉल काढून नेमकं फंक्शन शोधा. तेच इनपुट दुसऱ्या पायरीतल्या शोधायच्या बिल्डला द्या, ॲड्रेस सॅनिटायझर बहुतेक वेळा ओळ नंबरसकट सांगतो की मेमरी कुठे घेतली, कुठे सोडली आणि कुठे परत वापरली. दुरुस्त केल्यावर ते इनपुट टेस्टमध्ये आणि फझरच्या नमुन्यांत दोन्हीकडे टाका, आणि त्या फंक्शनला आधीपासून हार्नेस का नव्हतं ते बघा, कारण बहुतेक वेळा ते पहिल्या यादीत आलेलंच नसतं, तर तिथे एक ओळ वाढवा आणि तिसऱ्या पायरीपासून परत सुरू करा.